एका जुन्या जिल्ह्याची सहल

गेल्या गणपतीत मुलगा पुण्याहून आला, तो बॅगेतून गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका घेऊन. कुठल्याशा प्रवासी कंपनीची. मुखपृष्ठावर तळ्याकाठचा पांढराशुभ्र किल्ला आणि आत ठळक अक्षरांत आश्वासन : निसर्गरम्य खेडी, गजबजलेली शहरे, ऐतिहासिक किल्ले. नऊ रात्री, दहा दिवस.

"बाबा, बत्तीस वर्षं तुम्ही पोरांना किल्ले शिकवलेत," तो म्हणाला. "आता एकदा विलायतेतले बघून या. आईला घ्या, आम्हीही येतो."

रक्कम वाचून मी पुस्तिका मिटली. पैसे तो भरणार होता, तेव्हा तक्रार त्याची नव्हती. पण बारा वर्षांचा नातू शेजारी बसून चित्रे पाहत होता. त्याला मी सहज विचारले, "आपला बेळगावचा किल्ला कुणी बांधला रे?" तो म्हणाला, "शिवाजी महाराजांनी." जन्मल्यापासून दर सुट्टीत तो त्या किल्ल्याच्या खंदकावरून ये-जा करतो. त्याचा आजोबा इतिहासाचा मास्तर. आणि उत्तर चारशेहून अधिक वर्षांनी चुकलेले!

मी तिथेच जाहीर केले, की परदेश पुढच्या वर्षी; या दिवाळीच्या सुट्टीतले पाच दिवस माझे. पुस्तिकेत म्हटलेले सारे, म्हणजे खेडी, शहरे आणि किल्ले, मी बेळगावपासून दीड-दोन तासांच्या टप्प्यात दाखवीन. मुलगा हसला, पण कबूल झाला. त्या सहलीचा आराखडा करताना जे हाती लागले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आराखड्यासाठी मी दोन वस्तू काढल्या. एक, १८८४ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड. दुसरी, जिल्ह्याचा जुना नकाशा. घड्यांवर फाटलेला आणि मागून कापड लावलेला. या नकाशात चंदगड बेळगावातच आहे. नव्या पिढीला हे सांगावे लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तो "चंदगड तालुका वगळून". चंदगड मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. तेव्हापासून बेळगावहून चंदगडला जाताना शिनोळीपाशी राज्य बदलते, पाट्यांची लिपी बदलते, एस.टी.चा रंग बदलतो. भात मात्र दोन्ही बाजूंना एकाच वेळी कापायला येते.

नकाशावर मी किल्ल्यांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढले. पश्चिमेला पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड, महिपालगड. दक्षिणेला खानापूरच्या रानात भीमगड. मध्ये बेळगावचा भुईकोट आणि येळ्ळूरचा राजहंसगड. उत्तरेला हिरण्यकेशीच्या खोऱ्याकडे सामानगड आणि वल्लभगड. पूर्वेला कित्तूर आणि सौंदत्तीचा पारसगड. गोल काढून झाल्यावर त्यांची रांग आपोआप दिसू लागते. पश्चिमेचे गड घाटमाथ्यावर आहेत, कारण घाटातून माल चढत होता. वेंगुर्ल्याच्या बंदरातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. देशावरचे धान्य आणि कापूस खाली जायचा. त्या वाटांपैकी एक मोठी वाट रामघाटाची, आणि तिच्यावर पारगडाची नजर. भीमगडाची नजर गोव्याच्या फिरंग्यांवर. मैदानातले किल्ले पेठा आणि नदीकाठची काळी जमीन राखायला. कोणत्या गावात कोणती भाषा बोलतात, हे पाहून किल्ला बांधल्याचे एकही उदाहरण मला या नकाशात सापडले नाही.

पहिला आराखडा मी तासाभरात लिहून काढला. पहिला दिवस बेळगावचा किल्ला आणि राजहंसगड, दुसरा महिपालगड, तिसरा पारगड, चौथा नेसरी आणि सामानगड, पाचवा वल्लभगड करून घरी. जेवणानंतर तो सर्वांना वाचून दाखवला. सूनबाई भांडी आवरीत होती. ती बैलहोंगलची. माहेरी सगळे कानडी. मराठी ती लग्नानंतर शिकली, आणि आता माझ्या मुलापेक्षा बरी बोलते. तिने हात पुसत विचारले, "मामंजी, यात कित्तूर नाही?"

मी म्हणालो, "ते वाटेत येत नाही."

"पुण्याहून आम्ही बैलहोंगलला येतो तेव्हा येतं की," ती म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. दुसरे काही बोलली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिणे नाटकी होईल. झोप लागली. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच होता. बेळगाव ते कित्तूर धारवाडच्या हमरस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर, तासाभराचा रस्ता. पारगड त्याहून दूर, आणि वाट वळणांची. तेव्हा "वाटेत येत नाही" हे खरे कारण नव्हते. खरे कारण असे, की कित्तूर माझ्या मनातल्या किल्ल्यांच्या यादीतच कधी नव्हते. आमच्या मराठी शाळेच्या पाठ्यपुस्तकात कित्तूरच्या राणीचा धडा असे. तो मी दरवर्षी परीक्षेपुरता शिकवी : सनावळी, नावे, दोन कारणे, तीन परिणाम. तानाजीचा धडा आला, की मात्र तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नसे. मुलांना हा फरक कळत होता, आणि मला वाटते, मुलांनी धड्यांपेक्षा तो फरकच जास्त लक्षात ठेवला असेल.

म्हणून मी गॅझेटियर पुन्हा उघडला, या वेळी पहिल्या पानापासून.

आधी आमचा बेळगावचा किल्ला. हा भुईकोट आहे. चढण नाही, कडा नाही. लंबगोल तट आणि भोवती खोल खंदक. डोंगरी किल्ले डोळ्यांपुढे असलेली मुले इथे हिरमुसतात. पण या तटाच्या आत जेवढ्या राजवटींचे दगड आहेत, तेवढे आमच्या भागात दुसरीकडे क्वचितच सापडतील. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील राजा कार्तवीर्य चौथा याचा अधिकारी बिचिराज याने इथे जैन बस्ती उभारली, ती १२०४ मध्ये. आज तिला कमल बस्ती म्हणतात. मंडपाच्या छतातून दगडी कमळ खाली लोंबते. त्याच्या बहात्तर पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकर. नातवाला खाली उताणे निजवून ते कमळ दाखवायचे, असे मी आराखड्यात लिहून ठेवले आहे. मान वर करून पाहण्यात ती गंमत नाही.

या बस्तीचे दान नोंदवणारे जुन्या कानडीतले दोन शिलालेख होते. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. मुलाच्या पुस्तिकेतली पहिली रात्र लंडनचीच होती! म्हणजे दहा दिवसांच्या सहलीचे पैसे भरून आम्ही जिथे उतरणार, तिथे आमच्या घरापासून दोन मैलांवरचे दगड आमच्या आधी जाऊन बसले आहेत.

रट्टांनंतर देवगिरीचे यादव आले, मग विजयनगर, मग बहामनी. १४७३ मध्ये बहामनींचा वजीर महमूद गावान याने वेढा घालून हा किल्ला घेतला. तटाखाली सुरुंग लावल्याचे वर्णन फिरिश्त्याने केले आहे. पुढे आदिलशाही आली. तिचा इथला सुभेदार असदखान याने १५१९ मध्ये सफा मशीद बांधली. तिच्यावर फारसी लेख आहे, आणि आतले काही खांब आधीच्या देवळांचे आहेत. त्यांतल्या दोहोंवर जुने लेख कोरलेले, एक रट्टांच्या काळचा आणि दुसरा यादव कृष्णाच्या. किल्ल्यातच १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद हरिपद मित्र या वनाधिकाऱ्याच्या घरी उतरले होते. तिथे आता रामकृष्ण आश्रम आहे. बाकीचा बराच भाग लष्कराकडे असल्याने सगळीकडे मोकळे हिंडता येत नाही. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि जिथे नको म्हणतील तिथे जाऊ नये.

आता १८१८. मराठी शाळांतून हे साल रडक्या तोंडाने शिकवले जाते. पेशवाई बुडाली, बाजीराव पळत सुटला, आणि दक्षिणेकडून जनरल थॉमस मन्रो वर सरकत आला. त्याच्याजवळ पलटणी थोड्या होत्या. त्याने गावोगावचे शिपाई आणि देसाई हाताशी धरून एकेक ठाणे घेतले. मार्चच्या उत्तरार्धात तो बेळगावच्या किल्ल्यापुढे आला. किल्लेदाराने सुमारे तीन आठवडे किल्ला लढवला आणि १० एप्रिल १८१८ रोजी खाली केला. या वेढ्यात मन्रोला मदत करणाऱ्यांत कित्तूरचा देसाई होता. हे वाचून माझ्यातला मराठी मास्तर क्षणभर सुखावला : बघा, म्हणजे कित्तूर तेव्हा इंग्रजांकडून होते!

पण गॅझेटियर तिथे थांबू देत नाही. कित्तूरकरांनी पेशव्यांविरुद्ध का जावे? त्याचे कारण दोन वर्षे आधीचे आहे. कित्तूरचा राजा मल्लसर्ज पेशव्यांना वर्षाला पावणेदोन लाखांची खंडणी देत होता. त्याला दुसऱ्या बाजीरावाने पुण्यास नेऊन अडकवून ठेवले. तिथून सुटून परत येताना तो आजारी होता, आणि १८१६ मध्ये वारला. ज्या घरचा कर्ता पुरुष आपण असा परत पाठवला, त्या घराने दोन वर्षांनी आपल्यासाठी तलवार का उपसली नाही, हे विचारण्याचा आपल्याला फारसा अधिकार उरत नाही. हे मी बत्तीस वर्षांत एकाही वर्गाला सांगितले नव्हते.

कित्तूरची पुढची गोष्ट कानडी घरांतून मुलांना पाळण्यात ऐकू येते. मराठी घरांतून ती फारशी जात नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मल्लसर्जाचा मुलगा शिवलिंगरुद्र सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारला. मरण्यापूर्वी दत्तक घेतल्याचे दरबाराने कळवले. धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे याने तो दत्तक मानला नाही आणि खजिन्याला मोहरा लावायला माणसे धाडली. मल्लसर्जाची राणी चन्नम्मा हिने विरोध केला. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी थॅकरेने किल्ल्याचे दार उघडा, नाही तर तोफेने उडवतो, असा निरोप दिला. दार उघडले, आणि आतले लोक बाहेर तुटून पडले. थॅकरे ठार झाला. त्याचे दोन सहकारी पकडले गेले. हा थॅकरे म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेल्या इंग्रज कादंबरीकार थॅकरेचा काका.

डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि कित्तूर पडले. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवले. १८२९ मध्ये ती तिथेच वारली; तिची समाधी गावात आहे. सूनबाईच्या माहेराहून चालत जाता येते. मी तिच्या लग्नाला बैलहोंगलला गेलो होतो, नंतर बारशाला गेलो. दोन्ही वेळा समाधी पाहिली नाही. कुणी अडवले नव्हते.

दत्तक नामंजूर ही युक्ती साताऱ्यावर १८४८ मध्ये चालली, मग झाशीवर. "मेरी झाँसी नहीं दूँगी" हे आपल्या पोरांना तोंडपाठ. साताऱ्याच्या चोवीस वर्षे आधी हेच नाटक कित्तूरच्या दारात होऊन गेले होते, हे दोन धडे शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

कित्तूर पडल्यावर लढाई संपली नाही. राणीच्या पदरचा संगोळ्ळीचा रायण्णा खानापूर, कित्तूर, बैलहोंगलच्या रानांतून सरकारी कचेऱ्या जाळत राहिला. १८३० मध्ये तो फितुरीने पकडला गेला, आणि २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला फाशी दिले. नंदगड आमच्या खानापूर तालुक्यातले. गाव बव्हंशी मराठी. रायण्णाच्या समाधीवरचा वड आहे, तिथे बायका नवस बोलतात, पाळणे बांधतात. त्या वडाखाली मराठीत नवस बोललेला मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

आता या लेखातली माझ्या मते महत्त्वाची गोष्ट. हा रायण्णा कोण होता? राजपुत्र नव्हे, सरदारही नव्हे. तो शेतसनदी होता. गावचे राखण करायचे, किल्ल्याने हाक दिली की जायचे, आणि त्या चाकरीबद्दल पगाराऐवजी जमिनीचा तुकडा कसून खायचा. त्या जमिनीच्या सनदेवरून हे नाव. कित्तूर गेले तशी चाकरी गेली. चाकरी गेली तशी जमीन गेली. काही जप्त झाली आणि उरलेल्या जमिनीवर भारी सारा बसला. त्याच्याबरोबर जी माणसे रानात गेली, त्यांत असेच शेतसनदी होते.

हे वाचताना मला एकदम सामानगड आठवला. माझ्या आराखड्यातला चौथा दिवस. गडहिंग्लजजवळचा हा आटोपशीर गड; माथ्यावर दगडात खोदलेल्या, कमानींच्या पायऱ्यांच्या विहिरी आहेत, मे महिन्यातसुद्धा आत उतरले की गार वाटते. सामानगडाच्या पायथ्याशी मी वर्ग घेऊन गेलो आहे, आणि तिथला १८४४ चा उठाव मुलांना सांगितला आहे. गड कोल्हापूर संस्थानात होता. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी कुटुंबे. गडाच्या घेऱ्यातल्या जमिनी त्यांना चाकरीबद्दल लावून दिलेल्या. इंग्रजांच्या तंत्राने चाललेल्या तेव्हाच्या कारभाऱ्यांनी ठरवले, की या जमिनी आता मामलतदाराकडून चालाव्यात. गडकऱ्यांना जे समजायचे ते समजले. सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. पलटणी आल्या. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड हल्ला करून घेतला गेला. डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा पडला. नंतर इंग्रजांनी संस्थानातल्या किल्ल्यांचे तट आणि दरवाजे मोडून टाकले. आज आपण गडावर जाऊन "काळाच्या ओघात पडझड झाली" असे म्हणतो. काळाने केले ते थोडे. बरेचसे हुकमाने पाडलेले आहे.

संगोळ्ळीचा शेतसनदी आणि सामानगडचा गडकरी, दोघांमध्ये तेरा-चौदा वर्षांचे अंतर आणि एका दिवसाचा रस्ता. एक कानडीत बोलत होता, दुसरा मराठीत. चाकरी तीच, जमीन तशीच, आणि ती काढून घेणारा कागदही एकाच कचेरीच्या धाटणीचा. हे दोघे मी एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, दोन वेगळ्या महिन्यांत शिकवले आणि कधीही एका फळ्यावर लिहिले नाहीत.

कुणी म्हणेल, मास्तर आता सीमाप्रश्न मिटवायला निघाले. तसे नाही. १९५६ पासून आमच्या घरांनी काय सोसले, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. महाराष्ट्राने २००४ मध्ये लावलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी शाळेचा पट दरवर्षी घटतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो प्रश्न खरा आहे. पण तो १९५६ चा प्रश्न आहे. तो मागे नेऊन १८२४ वर आणि १८४४ वर बसवण्याचे काम आपण स्वतः केले, आणि ते करताना आपल्याच जिल्ह्याचा अर्धा इतिहास मुलांच्या हातून काढून घेतला. समोरच्या बाजूनेही तेच केले असेल. त्यांचे मास्तर त्यांच्या अंकात लिहितील.

एक गंमत सांगतो. येळ्ळूरच्या राजहंसगडावर २०२३ च्या मार्चमध्ये शिवछत्रपतींचा भव्य पुतळा उभा राहिला, तेव्हा काही दिवसांच्या अंतराने त्याचे अनावरण दोनदा झाले. दोन पक्ष, दोन समारंभ. गडावरच्या सिद्धेश्वराला दोन्ही दिवशी नारळ मिळाले असतील. महाराजांवर हक्क सांगायला दोन्ही भाषांतली माणसे आली, ही गोष्ट मला तरी वाईट वाटली नाही.

मग मी आराखडा फाडून नवा लिहिला. कुणाला उपयोगी पडेल म्हणून देतो.

पहिला दिवस बेळगावचा किल्ला सकाळी, उन्हे उतरल्यावर राजहंसगड. गडावरून चारी दिशांची भातशेती आणि शहर दिसते. नकाशा तिथे उघडावा. संध्याकाळी खडेबाजार आणि गणपत गल्लीतून एक फेरी, कुंदा घेऊन घरी. पुस्तिकेतले "गजबजलेले शहर" ते हेच.

दुसरा दिवस बैलहोंगल आणि कित्तूर. आधी समाधी, मग कित्तूरचा पडका वाडा आणि आतले वस्तुसंग्रहालय. जेवण व्याह्यांकडे, जोंधळ्याची भाकरी आणि एण्णगाई, म्हणजे भरली वांगी. २३ ऑक्टोबरच्या सुमारास कित्तूरला उत्सव असतो, तेव्हा गर्दी असते. ज्यांना गर्दी आवडते त्यांनी तेव्हाच जावे.

तिसरा दिवस खानापूर आणि नंदगड. खानापूरची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. वडाखाली बसून रायण्णाची गोष्ट नातवाला त्याची आई सांगेल, कानडीत. मी ऐकेन. वेळ उरला तर कणकुंबीला मलप्रभेचा उगम. भीमगडचे रान २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे वळू नये.

चौथा दिवस पारगड. चंदगडपर्यंत ऊस आणि काजू, पुढे दाट रान. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी पडला. त्याचा मुलगा रायबा याला महाराजांनी १६७६ मध्ये या नव्या गडाची किल्लेदारी दिली, आणि चंद्रसूर्य असेतो गड राखा अशी आज्ञा केली, अशी गडावरची परंपरा सांगते. मालुसरे घराण्याचे वंशज आणि जुन्या मानकऱ्यांची घरे अजून तिथे आहेत, जरी पुष्कळशी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. मी पहिल्यांदा गेलो तो १९७८ च्या हिवाळ्यात, मुलाएवढाही नव्हतो तेव्हा, दगडी पायऱ्या चढून वर पोहोचलो, तर एका म्हाताऱ्या बाईने गूळपाणी दिले आणि विचारले, "बेळगावास्नं? म्हंजे आपल्याच जिल्ह्याचं की!" चंदगड कोल्हापुरात जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. आता गडापर्यंत डांबरी रस्ता गेला आहे, म्हणून माझ्या गुडघ्यांनाही हा गड झेपेल. मुक्काम चंदगडला.

पाचवा दिवस नेसरी, सामानगड आणि संकेश्वरमार्गे घर. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानावर तुटून पडले, स्मारकापाशी थांबायचे. मग सामानगड, विहिरी, आणि मोडलेला तट. रायण्णाची गोष्ट परवा झालेली असेल. गडकऱ्यांची गोष्ट मी सांगायची आणि मग गप्प बसायचे. पोर स्वतःच्या बुद्धीने दोन्ही जोडते का ते पाहायचे. नाही जोडली तर मी जोडून देईन. बत्तीस वर्षांची सवय आहे.

सूचना थोड्या. दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस सर्वांत चांगले : वाटा वाळलेल्या, पाणी वाहते, भात कापणीला आलेले. गवत मात्र कमरेएवढे असते, तेव्हा पायात बूट हवेत आणि हातात काठी. पाणी माणशी दोन लिटर. तटावर नावे कोरू नयेत. आणि दोन्ही भाषा वाचणारे एक माणूस गाडीत पुढे बसवावे. शिनोळीच्या अलीकडे एक लागते, पलीकडे दुसरी.

नवा आराखडा घराच्या दारामागे चिकटवला आहे. नातवाने गावांची नावे मराठीत लिहिली, त्याच्या आईने त्याखाली कानडीत. "शेतसनदी" या शब्दापाशी तो अडला. "आजोबा, हा शब्द मराठी की कानडी?" मी म्हणालो, शेत आपले, सनद परकी, आईला विचार. तिने कानडीत लिहून दाखवला. वाचून पाहिला तर उच्चार तोच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघायचे ठरले आहे. प्रवासी कंपनीची पुस्तिका कपाटात आहे. पुढच्या वर्षी जमले तर लंडनलाही जाऊ. ते दोन दगड मला पाहायचे आहेत, आणि आता ते वाचून दाखवायला घरातले माणूस सोबत असेल.